अस्वलाचा डबा

अस्वलासाठी खेळणे आपणच तयार करावे असे कुलूपरावांनी ठरवले, तेव्हा त्यांच्या हातात हातोडी नव्हती, चहाचा कप होता. आणि हातात चहाचा कप असला की माणसाला जगातली सर्व कामे सोपी वाटतात.

कुलूपराव हे प्राणिसंग्रहालयाचे भांडारपाल. फळे, कंद, मांस, चारा, सारे त्यांच्या ताब्यात. रिकाम्या पोत्यांनाही कुलूप लावण्याच्या सवयीमुळे हे नाव त्यांना चिकटले होते. (खरे नाव सांगताना हल्ली त्यांच्या पत्नीलाही क्षणभर थांबावे लागे.)

त्या संग्रहालयात आक्का नावाचे एक वयस्क मादी अस्वल होते. आक्का दिवसभर भिंतीपासून दारापर्यंत आणि दारापासून भिंतीपर्यंत चालत असे, आणि प्रत्येक वळणावर मान एकाच तऱ्हेने झटकत असे. प्रेक्षकांना वाटे, ती नाचते आहे. ते टाळ्या पिटत. संग्रहालयाच्या डॉक्टरीणबाईंना त्या टाळ्या ऐकवत नसत.

"हा नाच नाही, साहेब, कंटाळा आहे," त्यांनी संचालकांना सांगितले. "रानात असती तर पोटासाठी दिवसभर जमीन उकरली असती, खोडं फोडली असती. इथे आपण ताट पुढे सरकवतो. आयतं खाऊन तिचं डोकं गंजलंय."

"ते खरं असेल," साहेब म्हणाले, "पण हे आता बघवत नाही. हे थांबलं नाही, तर तिला मागच्या कोठडीत हलवायचं. कायमचं."

"एक संधी द्या. अन्न एखाद्या जाड लाकडी डब्यात दडवू. तिचं तिला उघडू दे."

"ठीक आहे. सोमवारी येऊन मी स्वतः बघतो."

हा संवाद कुलूपरावांनी भांडाराच्या दारात उभे राहून ऐकला. त्यांना आक्काचा लळा होता. तिची केळी ते स्वतः निवडून काढत. म्हणून घरी चहा पिता पिता त्यांनी जाहीर केले, "तो डबा मी बनवणार."

"तुम्ही?" पत्नी म्हणाली. "तुम्ही न्हाणीघरात बसवलेली खुंटी टॉवेलासकट आणि भिंतीच्या ढेकळासकट खाली आली होती, विसरलात?"

"भिंत कच्ची होती."

"बरं. आणि डबा आणणार कुठून?"

कुलूपरावांची नजर स्वयंपाकघरातल्या धान्याच्या लाकडी डब्याकडे वळली. पत्नीने ती नजर ओळखली. परंतु तोवर उशीर झाला होता. त्या संध्याकाळी घरातले धान्य दोन बादल्यांत, एका कळशीत आणि (नाइलाजाने) कुलूपरावांच्या हेल्मेटमध्ये राहावयास गेले.

घरात सासूबाईही होत्या. उभे आयुष्य त्यांनी प्रवासी पेट्यांच्या कारखान्यात कड्या-बिजागऱ्या बसवण्यात घालवले होते. लेकीकडे राहायला आल्यापासून लेक त्यांना काडी उचलू देत नसे. "आई, तू फक्त आराम कर," हे वाक्य ती दिवसातून इतक्या वेळा म्हणे, की ऐकूनच दमायला व्हावे. सासूबाई खिडकीपासून दारापर्यंत जात, दारापासून खिडकीपर्यंत येत.

"काय झालंय हो त्या अस्वलाला?" त्यांनी विचारले.

"करायला काही नाही, आई," कुलूपराव म्हणाले. "सगळं आयतं मिळतं, डोकं गंजतं. म्हणून नुसत्या येरझाऱ्या घालते."

"अगं बाई," सासूबाई लेकीकडे पाहत म्हणाल्या, "मग ती मीच की!"

लेकीने ते ऐकले नाही असे दाखवले. (ऐकले मात्र होते.)

रविवारी सकाळी डबा तयार झाला. मध चोपडला, अक्रोड भरले, वर तीन कड्या बसवल्या. एवढ्यावर भागले असते. पण भांडारपालाचा हात. त्यांनी प्रत्येक कडीवर सुवाच्य अक्षरात चिठ्ठी डकवली: 'प्रथम ही कडी डावीकडे सरकवावी.' 'तदनंतर ही वर उचलावी.'

"अस्वल कितवीपर्यंत शिकलंय?" सासूबाईंनी विचारले.

कुलूपराव ओशाळले. चिठ्ठ्या खरवडून ते दुपारच्या झोपेसाठी आत गेले. त्यांचे घोरणे स्थिरावल्यावर सासूबाईंनी डबा पुढे ओढला. तिन्ही कड्या फुंकरीसरशी उघडल्या. "हे अस्वलासाठी आहे की वाऱ्यासाठी?" असे पुटपुटत त्यांनी पेचकस शोधून काढला.

सोमवारी सासूबाई आंघोळीला गेलेल्या असताना कुलूपराव डबा कवटाळून घराबाहेर पडले. पत्नीने नेहमीप्रमाणे त्यांची पिशवी खांद्याला अडकवून दिली. चष्मा, जेवण, भांडाराच्या किल्ल्या हे सर्व तीच आदल्या रात्री पिशवीत भरून ठेवत असे. इतक्या वर्षांत कुलूपरावांनी त्या पिशवीत घरी कधी डोकावूनही पाहिले नव्हते. वाटेत डबा खुळखुळत होता.

"ऐकलंत?" त्यांनी डॉक्टरीणबाईंना तो हलवून दाखवला. "अक्रोड!"

रखवालदाराने डबा आवारात ठेवला आणि आक्काला बाहेर सोडले. आक्का भिंतीपासून निघाली, डब्यावरून दारापर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. मग वळताना तिचे नाक हवेत थबकले. ती डब्यापाशी आली आणि चक्क बसली.

"बसली!" डॉक्टरीणबाई कुजबुजल्या.

छाती फुगवून कुलूपराव भांडाराकडे गेले, पिशवीत हात घातला, आणि फुगलेली छाती जागच्या जागी बसली. किल्ल्या नव्हत्या. त्यांनी घरी फोन लावला.

"अगं, माझ्या किल्ल्या कुठायत?"

"थांबा, आईला विचारते… आई म्हणते, डब्यात आहेत."

"डब्यात?"

"डब्यात!"

कुलूपरावांनी तत्काळ आपला जेवणाचा डबा उघडला आणि बाह्या सरसावून शोध घेतला.

"डब्यात नाहीत! तळापर्यंत हात घातला!"

"कशात हात घातलात?"

"बटाट्यांत!"

पलीकडे काहीतरी झटापट झाली आणि फोनवर सासूबाई आल्या. "जावईबापू, तुमचा डबा नव्हे हो. अस्वलाचा डबा!"

"अस्वलाच्या डब्यात माझ्या किल्ल्या कशाला घातल्या, आई?"

"आयतं मिळालं की डोकं गंजतं, असं तुम्हीच सांगितलं ना? म्हटलं, सकाळी जरा शोधू देत. लगेच सांगणारच होते. पण मी आंघोळीहून येते, तर तुम्ही डब्यासकट पसार!"

दुसरा जुडगा होता. तो भांडाराच्या आत, पोलादी कपाटात, कुलपात सुरक्षित होता. (ही व्यवस्था स्वतः कुलूपरावांनीच सुचवलेली.)

हळूहळू न्याहारीची वेळ टळली. प्रथम माकडांनी तक्रार केली, मग पाणघोड्याने, आणि वाघाने तोंड उघडले तेव्हा साहेबांची गाडी फाटकातून आत येत होती.

"हा काय गोंधळ आहे?"

"साहेब, प्राण्यांना भूक लागली आहे," कुलूपराव म्हणाले.

"मग खायला द्या!"

"भांडाराच्या किल्ल्या… अस्वलाकडे आहेत."

साहेबांनी चष्मा पुसला. "अस्वलाची भांडारपाल म्हणून नेमणूक केव्हा झाली?"

रखवालदाराने आक्काला आत बोलावून पाहिले. एरवी हाकेसरशी जाणारी आक्का आज गुरकावली आणि डब्यावर पंजा टाकून बसली.

"साहेब, रागवा नंतर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आधी तिच्याकडे बघा. ती चालत नाहीये."

साहेबांनी पाहिले. आक्काने डबा उलटा केला, सुलटा केला, त्याला नाक लावले, कान लावला. एका कडीत नख अडकवून ओढले, कडी हलेना. मग ती मान तिरकी करून विचारात पडल्यासारखी थांबली. तिने दुसरी कडी दाबली, आणि पहिली आपोआप सुटली. साहेब नकळत कठड्यावर वाकले. "आता तिसरी… अगं, उजवीकडे, उजवीकडे!" ते पुटपुटू लागले. झाकण उघडले तेव्हा पहिली टाळी साहेबांची होती.

आक्काने मध चाटला, अक्रोड फोडले, आणि शेवटी किल्ल्यांचा जुडगा बाहेर काढून एकेक किल्ली चाटूनपुसून लख्ख केली. मग तो जुडगा पंजात धरून ती खुळखुळ वाजवत बसली. आमिष दाखवावे, तर सारे अन्न कुलपात! कुलपाबाहेर असलेले एकमेव अन्न म्हणजे कुलूपरावांचे चिवडलेले बटाटे. ते आतल्या खोलीत ठेवताच आक्काने किल्ल्या टाकल्या, आणि कुलूपरावांच्या उपवासावर सर्व प्राणिसंग्रहालय जेवले.

"मागच्या कोठडीचा विषय संपला," साहेब म्हणाले. "हा डबा कोणी बनवला?"

कुलूपरावांनी सदरा नीट केला, घसा खाकरला, आणि नेमका फोन वाजला.

"उघडला का हो?" सासूबाईंचा आवाज साऱ्यांना ऐकू आला. "मधली कडी आधी दाबली का तिने? दाबली? हुशार आहे पोर!"

साहेबांनी फोन मागून घेतला.

आता सासूबाई दर आठवड्याला आक्कासाठी नवा डबा बनवतात. लेकीने "आराम कर" म्हणणे सोडले असून ती खिळे चाळणीने चाळून देते. खिडकी ते दार ही वाट बंद पडली आहे, कारण ती लाकडांनी भरली आहे.

"मॅडम, माझं काय?" कुलूपरावांनी एकदा धीर करून विचारले. "या कामात मला काही स्थान?"

"तुमच्यावाचून कसं चालेल?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "प्रत्येक नवा डबा आधी तुमच्याकडे येईल. तुम्हाला उघडता आला, तर तो आक्काच्या मानाने फारच सोपा. आईंकडे परत पाठवायचा."

कुलूपराव ही जबाबदारी मन लावून पार पाडतात. अद्याप एकही डबा परत गेलेला नाही.