पुढचा बाक सर्वांचा

एकही मूल मागे राहू नये, याबाबत त्या शाळेत कधीच दुमत नव्हतं. मुख्याध्यापिकाबाई दर सोमवारी प्रार्थनेनंतर हे वाक्य म्हणत, आणि मुलं ते त्यांच्यामागून म्हणत. मागे बसण्याबाबत मात्र काहीच ठरलेलं नव्हतं. सगळा घोळ तिथून सुरू झाला.

पाचवीत एक मुलगी होती. समोरच्याच्या तोंडाकडे ती मांजरासारखी टक लावून बघायची, म्हणून घरीदारी तिला माऊ म्हणत. तिला कमी ऐकू यायचं. कानाला यंत्र होतं, पण त्यातून नुसता आवाज येई. शब्द ती ओठांवरून वाचायची. यंदा वर्गशिक्षिकेने मुलांना उंचीप्रमाणे बसवलं, आणि सुट्टीत माऊ बांबूसारखी वाढली होती. ती गेली शेवटच्या बाकावर. तिथून बाईंचे ओठ दिसत नव्हते, बाई दिसल्या तरी पुष्कळ. गणितात कधी न चुकणारी माऊ चुकू लागली. गणितात नापास होणाऱ्या मुलांसाठी शाळेने सायकल स्टँडमागच्या पत्र्याच्या खोलीत एक तुकडी काढली होती. तिचं नाव नवक्षितिज. त्या क्षितिजाकडे गेलेलं मूल परत आल्याची नोंद नव्हती.

माऊची आई परिचारिका होती. ड्यूटी संपवून, गणवेशातच, ती शाळेत आली. मागणी एका वाक्याची होती: पोरीला पुढच्या बाकावर बसवा. वर्गशिक्षिका म्हणाली, आत्ता बसवते. मग तिला आठवलं की मागच्या वर्षी तिने असाच एक बाक बदलला होता, तेव्हा उठवलेल्या मुलाचे आजोबा वकिलाला घेऊन आले होते. तिने आईला मुख्याध्यापिकांकडे पाठवलं.

मुख्याध्यापिकाबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. चहा मागवला. नंतर म्हणाल्या, "ताई, एका मुलीला पुढे बसवणं ही झाली दया. आम्हाला दया करायची नाही. आम्हाला व्यवस्था बदलायची आहे."

"व्यवस्था बदलेपर्यंत तिला पुढे बसवता येईल का?" आईने विचारलं.

"तसं केलं तर व्यवस्था बदलायची गरजच उरणार नाही," बाई म्हणाल्या.

व्यवस्था बदलण्यासाठी एक समावेशन सल्लागार नेमण्यात आले. गृहस्थ विद्वान होते आणि त्यांच्या मिशा भरघोस होत्या. त्यांनी प्रथम वर्गातल्या वैविध्याची पाहणी केली. डावखुरी मुलं निघाली, चष्मेवाली निघाली, जुळी निघाली, एकुलती एक निघाली, उंचीला घाबरणारी निघाली. एक मुलगा कुठल्याच प्रकारात बसेना. तेव्हा कशातच न बसणाऱ्यांचा तो वर्गातला एकमेव प्रतिनिधी ठरला आणि त्याची परिस्थिती सर्वांत नाजूक मानण्यात आली. निष्कर्ष असा निघाला की वर्गातलं प्रत्येक मूल वेगळं असून प्रत्येकाकडे विशेष लक्ष द्यायला हवं.

हा निष्कर्ष पालकसभेत वाचून दाखवल्यावर पालकांना भरून आलं. आपलं मूल वेगळं आहे हे त्यांना माहीतच होतं, फक्त शाळेच्या तोंडून ऐकायचं राहिलं होतं. चष्मेवाल्या मुलाचे वडील म्हणाले, त्याला मागून दिसत नाही, पुढे बसवा. उंच मुलाची आई म्हणाली, पुढची मुलं मागे वळून त्याला चिडवतात, पुढे बसवा. एका काकांनी आपल्या पुतण्याची खोडकर म्हणून बाजू मांडली. शेवटी एक सद्गृहस्थ उठले.

"आमचा मुलगा हुशार आहे," ते म्हणाले. "हुशार मुलं वर्गात असतात किती? त्यांच्याएवढी अल्पसंख्य जमात दुसरी नाही."

टाळ्या पडल्या. माऊची आई उठली आणि तिने विचारलं की इथे कोणाचं मूल एक बाक मागे जायला तयार आहे का. तिच्या धैर्याबद्दलही टाळ्या पडल्या.

दरम्यान माऊकडे दुर्लक्ष होतंय असं कोणी म्हणू नये म्हणून तिला समावेशन-नेता करण्यात आलं. फ्रॉकला बिल्ला लागला. नेतृत्व परिषदेच्या बैठका गणिताच्या तासाला ठेवल्या गेल्या, कारण बाकीच्या तासांना मुलांचं नुकसान झालं असतं. गोल टेबलाभोवती सगळे एकदम बोलत आणि सल्लागार मिशांआडून बोलत. माऊ तोंडांमागून तोंडं बघत दमून जाई.

"आई, ते मिशीवाले काका बोलतात की चावतात?" तिने एकदा घरी विचारलं.

बैठकीच्या इतिवृत्तात नोंद होई: समावेशन-नेत्यांनी सर्व ठरावांना मूक संमती दिली.

अशाच एका मूक संमतीने मुख्य ठराव पास झाला. सल्लागारांचं म्हणणं होतं, दोष मुलांत नाही, बाकांच्या रांगांत आहे. एकामागे एक बाक ठेवले की कोणीतरी मागे बसणारच. शिवाय आपण इथे नेते घडवतो आहोत, आणि नेता कोणाच्या मागे बसत नाही. तेव्हा सगळे बाक एकाच ओळीत मांडावेत. प्रत्येक बाक पुढचा.

वर्ग तेवढा रुंद नव्हता. पण तत्त्वापुढे भिंत ती काय? सुतार आणि गवंडी आले, दोन भिंती पडल्या. ओळ वर्गातून निघाली, शेजारच्या वर्गातून गेली, तिथून व्हरांड्यात वळली आणि प्रयोगशाळा ओलांडून पाण्याच्या टाकीपाशी थांबली. कोणी कुठे बसायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं, कारण चिठ्ठीच्या मनात पूर्वग्रह नसतो. माऊला टाकीशेजारचा पुढचा बाक मिळाला.

वर्गशिक्षिका ओळीपुढून चालत शिकवू लागली. अपूर्णांक वर्गात सुरू होई आणि प्रयोगशाळेपाशी त्याचा छेद सापडे. पुढे तिचे गुडघे बोलू लागले, तेव्हा ती मधोमध खुर्ची टाकून बसली आणि ओळभर भोंगे लावण्यात आले. सर्वांना समान आवाज मिळाला. माऊने पहिले काही दिवस भोंग्याकडे टक लावून पाहिलं. भोंग्याला तोंड होतं, पण ते हलत नव्हतं.

सहामाहीत ती गणितात नापास झाली. घरी पत्र आलं की आपल्या पाल्याला आकलनाची अडचण दिसत असून तिची नवक्षितिज तुकडीसाठी शिफारस करण्यात येत आहे.

आई पुन्हा आली. या वेळी तिने चहा घेतला नाही.

"तिला आकलनाची अडचण नाही," ती म्हणाली. "तिला बाई दिसत नाहीत. अडचण एवढीच आहे."

मुख्याध्यापिकाबाईंनी हा प्रश्न परिषदेपुढे ठेवायचं कबूल केलं. पण त्याच आठवड्यात मूल्यमापन समिती यायची होती. समिती आली, ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली, वाटेत दोनदा पाणी प्यायली, आणि मागचा बाक नसलेली पहिली शाळा म्हणून पुरस्कार जाहीर करून गेली. फोटोसाठी मुलं आणि शिक्षक पायऱ्यांवर उभे राहिले. मुख्याध्यापिकाबाईंनी मागून हाक मारली, "माऊ, पुढे ये." माऊला ऐकू गेलं नाही, तेव्हा सल्लागारांनी तिला खांद्याला धरून पहिल्या रांगेत मधोमध आणलं. त्या वर्षात शाळेने तिला पुढे आणलं ते तेवढंच.

फोटो झाल्यावर आईने दाखला मागितला. कार्यालयात धावपळ उडाली. मुख्याध्यापिकाबाई स्वतः बाहेर आल्या आणि अतिशय कळवळून म्हणाल्या, "असं कसं? तुमची मुलगी गेली तर आम्ही समावेश कुणाचा करायचा?"

आई म्हणाली, "तुमच्याकडे तो कशातच न बसणारा मुलगा आहे ना, त्याचा करा."

आता माऊ चौकापलीकडच्या जुन्या शाळेत जाते. त्या शाळेला धोरण नाही, परिषद नाही, कुंपणही अर्धंच आहे. गणिताचे सर तापट आहेत आणि बोलताना त्यांची थुंकी उडते, त्यामुळे पुढच्या बाकावर कोणी बसत नाही. पहिल्या दिवशी ते तिला म्हणाले, "बस तिथे." तिने ते शब्द ओठांवरून स्वच्छ वाचले आणि जाऊन बसली. वार्षिक परीक्षेत तिचं गणित पूर्ववत झालं. ती एक जादा रुमाल नेते.

काही पालक चौकशीला त्या शाळेतही जाऊन आले. ओला बाक पाहून परतले. पुरस्कारप्राप्त शाळेत त्या मानाने शिस्त वाटते, असं त्यांचं मत पडलं. आपलाही विचार असेल, तर तिथले पुढच्या दोन वर्षांचे प्रवेश भरले आहेत.