मी म्हणजे आय

"दुभाषा? कशापायी दुभाषा?"

नाथाजी हवालदारानं मिशीवरून असा काही हात फिरवला, की साताऱ्याच्या सोल्जर बोर्डातून आलेला कारकून दोन पावलं मागं सरला.

"आवं, लढाईत चार वर्सं गोऱ्या सायबांच्यात काढल्याती! इंग्रजी आमच्या बुटाखाली हुती, बुटाखाली! मडमला म्हनावं, बिनघोर या. नाथाजी सोता बोलंल!"

कारकून सायकलवर टांग टाकून गेला आणि उंब्रजच्या पलीकडं नदीकाठी असलेल्या बेलकडी गावात आरोळी उठली. विलायतेची मडम येणार! थेट नाथाजीच्या दारात येणार! आणि नाथाजी तिच्याशी इंग्रजीत बोलणार! त्या संध्याकाळी तो पारावरून गेला तेव्हा बसलेली माणसं उठून उभी राहिली. साल होतं चौसष्ट. गावात इंग्रजी बोलणारा माणूस म्हणजे दोन डोक्यांच्या वासरापेक्षाही दुर्मिळ.

मडम येणार होती, ती तशीच मोठ्या कारणानं. इटलीच्या लढाईत नाथाजीच्या कंपनीचा कॅप्टन विल्की जखमी होऊन पडला. नाथाजीनं त्याला पाठीवर घेतलं आणि बर्फासारख्या गार पाण्याचा ओढा ओलांडून दवाखान्याच्या तंबूपर्यंत नेलं. तिथं पोचल्यावर तो गेला. मडम त्याची आई. हिंदुस्थानात आली होती आणि आपल्या पोराला शेवटचं ज्यानं उचललं, त्याला बघायचं म्हणत होती.

वाटेत कॅप्टन नाथाजीच्या कानाशी काहीतरी बोलला होता. "नाथाजी, मेरी माँ को बोलना, मुझे ठंड नहीं लगी." एवढंच. ते वाक्य नाथाजीनं वीस वर्षं सांभाळलं होतं. सांगायचं कुणाला? आई विलायतेला, नाथाजी बेलकडीला. आता आईच दारात येत होती.

दुसऱ्या दिवशी उसाच्या बांधावर बसून नाथाजीनं बैलासमोर इंग्रजीची रंगीत तालीम सुरू केली आणि पहिल्याच वाक्याला तो अडला. कारण त्याची सगळी इंग्रजी म्हणजे क्विक मार्च, हॉल्ट, अबाउट टर्न आणि येस सर! कॅप्टन त्याच्याशी हिंदुस्थानीत बोलायचा. नाथाजीच्या इंग्रजीत कुठंही 'मी' म्हणून नव्हता. हुकमात 'मी' लागतोच कशाला? हॉल्ट म्हटलं की उभं राहायचं, कोण उभं राहिलं ते विचारायचं नाही!

तो तडक नानासो गुरुजींकडं गेला. गुरुजी हायस्कुलात इंग्रजी शिकवून नुकतेच रिटायर झाले होते आणि विद्यार्थ्यावाचून नुसते तळमळत होते.

"म्हण, 'मी आलो'," गुरुजी म्हणाले.

"मी केम!"

"चूक! मी म्हणजे आय."

"आय?" नाथाजी दचकला. "आपली जल्माची आय?"

"तिचा संबंध नाही. मराठीतला मी म्हणजे इंग्रजीतला आय."

"बरं, मी म्हंजी आय. आन् 'मला' म्हनायचं आसलं तर?"

"मी."

"गुरुजी, आत्ता तर म्हनालासा मी म्हंजी आय!"

"मराठीतला मी म्हणजे आय. इंग्रजीतला मी म्हणजे मला."

नाथाजीनं पटका काढून डोकं खाजवलं. "आन् माझं म्हनायचं आसलं तर?"

"माय."

"माय म्हंजी परत आयच की वो!"

नाथाजी बराच वेळ आढ्याकडं बघत बसला. मग त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "गुरुजी, एवढ्या दुनियेवर ह्या लोकांनी राज्य कसं केलं, त्ये आज कळलं बगा. तोंड उघडलं की आदी आयचं नाव! सोताला बी आयच म्हनत्यात! आमी घरात कवा आसं बोललो न्हाई."

त्याचा भक्तिभाव बघून गुरुजींना पुढं बोलवेना. त्यांनी फक्त एक युक्ती सांगितली. जिभेवर मराठी शब्द आला, की लगेच त्याच्या पाठोपाठ इंग्रजी शब्द म्हणायचा. उठता-बसता, जेवता-खाता. खंड पडता कामा नये!

नाथाजी हुकमाचा माणूस. खंड कसला पडतोय? दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीत अंगावर तांब्या ओतता ओतता तो मोठ्यानं म्हणू लागला, "मी... आय! मला... मी! माझी... माय!"

आत चुलीपुढं त्याची बायको बाळाबाई भाकरी थापत होती. तिचा हात पिठातच थांबला.

नाथाजीची आई आक्काताई वारून वर्ष होत आलं होतं. आक्काताई म्हणजे काय बाई होती! ती अंगणात खाकरली की पलीकडच्या आळीतलं भांडण थांबायचं. आणि आता न्हाणीतून आवाज येत होता, मी आय, मी आय!

"आवं," बाळाबाईनं दाराआडून विचारलं, "कोन बोलतंय?"

"कोन म्हंजी? मी!" नाथाजी म्हणाला आणि नियमाप्रमाणं जोड दिली, "आय!"

"क... कोन?"

"मी गं! आय! आयकू येत न्हाई व्हय?"

बाळाबाईनं भिंतीचा आधार घेतला. "आत्याबाई? तुमी हाय व्हय?"

नाथाजीच्या कानात साबण गेला होता. तो म्हणाला, "व्हय, व्हय!"

"काय... काय पायजे तुमास्नी?"

"मला... मी!... टावेल दे!"

टॉवेल मिळाला नाही. बाळाबाईनं दारातच लोटांगण घातलं आणि हंबरडा फोडला. "आत्याबाई, चुकले मी! तुमची काळी शेळी लांडग्यानं न्हेली न्हवती! पलूसला माझ्या भावाच्या दारात बांदलीया! म्या पोटात ठेवलं, तुमी बी आता पोटात घाला!"

"शेळी?" ओल्या अंगानं उभा असलेला नाथाजी म्हणाला. "कसली शेळी?"

"न कळल्यावानी करू नगासा, आत्याबाई! तुमास्नी वरनं समदं दिसतंय!"

बाळाबाई तशीच पिठाच्या हातांनी बाहेर पळाली. नाथाजीनं ओल्या अंगावरच धोतर गुंडाळेपर्यंत अंगणात निम्मं गाव जमलं होतं. बाया पदर पसरून उभ्या होत्या. चुलतभाऊ केरबा नारळ घेऊन पुढं होता. आक्काताईची आणि त्याची बांधावरून जन्मभर जुंपलेली. आता मात्र तो गोगलगाय झाला होता.

"काकी," केरबा हात जोडून म्हणाला, "बांदाचा दगड म्या सरकवला, खरं हाय. दुपारीच माघारी लावतो. रातचं तेवडं येऊ नगस."

"केरबा, लेका, डोकं फिरलं काय तुजं? मी... आय..."

"व्हय काकी, वळकलं!"

तेवढ्यात गर्दी दुभंगली आणि धुळा देवर्षी आला. खांद्यावर घोंगडं, हातात भंडाऱ्याची पिशवी. त्यानं नाथाजीला पाटावर बसवलं, कपाळभर भंडारा फासला, हातात लिंबू दिलं आणि डोळे वटारून विचारलं, "बोल! ह्या झाडाला, ह्या नाथाजीला, कुनी धरलंय?"

"कुनी न्हाई धरलं! मी हाय मी!" जिभेला वळण लागलं होतं, तिनं दावं तोडलंच. "आय!"

"कुनाची?"

"माझी..." नाथाजीनं ओठ दाबून धरले, गाल फुगले, पण शब्द निसटलाच. "माय!"

गर्दी जागच्या जागी गुडघ्यावर आली.

"आरं, न्हाई रं!" नाथाजी कळवळला. "मी इंग्रजी शिकतूय, इंग्रजी!"

धुळानं भंडाऱ्याची चिमूट हवेतच धरली. त्याच्या सगळ्या हयातीत एवढं मोठं भूत त्याच्या वाट्याला आलं नव्हतं. खाली वाकून त्यानं अदबीनं विचारलं, "आक्काताई, इंग्रजी? तू कवा शिकलीस?"

"वर गेल्याव समदं येतंय गड्या," मागून कुणीतरी हळूच म्हणालं. सगळ्यांनी माना डोलावल्या.

अशात फाट्याकडून धुरळा उठला आणि जीप अंगणात येऊन उभी राहिली. मडम उद्या यायची होती. पण कऱ्हाडच्या डाकबंगल्यात बसून तिला राहवेना, म्हणून ती आजच निघाली होती. गाडी बघून नानासो गुरुजी धोतराचा सोगा धरून मागनं धावत आले. अंगणातला देखावा बघितला आणि ते जागीच थिजले.

मडम उतरली. कापसासारखे केस, हातात काठी, चेहऱ्यावर सुरकुत्यांचं जाळं. वय थेट आक्काताईएवढं. ती गर्दीकडं बघून हसली आणि थरथरत्या आवाजात म्हणाली, "आय ॲम मिसेस विल्की. आय... माय सन..."

अंगणात पान हललं नाही. धुळाच्या हातातली पिशवी गळून पडली. मडमच्या तोंडूनसुद्धा आय आणि माय!

नाथाजी ताडकन पाटावरून उठला. कपाळावर भंडारा, ओल्या धोतराला चिखल, उजव्या हातात लिंबू, आणि त्या लिंबासकट त्यानं असा कडक सलाम ठोकला की मडमनंही मान ताठ केली.

आता बोलायचं. पण नाथाजीच्या डोक्यातली सगळी इंग्रजी उडून गेली होती. आय, मी, माय, सगळी गेली! वीस वर्षं सांभाळलेलं वाक्य आता सांगायचं कसं? त्यानं गुरुजींकडं बघितलं. गुरुजी ओठांनी काहीतरी दाखवत होते, ते कळेना. आणि दुभाषा नको, असं तर तो स्वतःच बोलून बसला होता. मडम वाट बघत होती.

मग नाथाजीनं लिंबू खाली ठेवलं. तो पाठमोरा झाला, कमरेत वाकला आणि आपल्या पाठीवर थाप मारली.

"कॅप्टन सायेब... हियर!"

त्यानं पाठीवर ओझं असल्यासारखे दोन्ही हात मागं बांधले आणि अंगणातून चालू लागला. "क्विक मार्च! क्विक मार्च!" मध्येच थांबला. "हॉल्ट! वॉटर!" धोतर वर धरून त्यानं नसलेल्या ओढ्यात पाय टाकला, अंगभर कापला, दात वाजवले. "कोल्ड! लय कोल्ड!" आणि पुन्हा, "क्विक मार्च!"

गावानं त्याला कधी असं बघितलं नव्हतं. बायांनी पदर तोंडाला लावले. मडम काठीवर दोन्ही हात ठेवून त्याच्या पाठीकडं बघत होती. तिथं खरंच कुणी बसलेलं असावं, तशी.

तिच्यासमोर येऊन नाथाजी उभा राहिला. धाप लागली होती. आपल्या कानाशी बोट नेऊन तो हळू म्हणाला, "सायेब... ही टेल. माय मदर... आय... नो कोल्ड. आय नो कोल्ड."

मडम एक पाऊल पुढं आली. तिनं काहीतरी विचारलं. खरंच, असं म्हणाला तो? हे नाथाजीला भाषेवाचून कळलं.

"येस सर!" तो म्हणाला.

मडमच्या हातातली काठी पडली. तिनं दोन्ही हातांनी नाथाजीचा भंडाऱ्यानं माखलेला चेहरा धरला. "माय बॉय," ती म्हणाली. "ओ, माय बॉय!"

"माय!" बाळाबाई किंचाळली. "हातातनं गेली! आत्याबाई मडमच्या अंगात गेल्या!"

आणि तिनं धावत जाऊन मडमच्या पायांवर डोकं ठेवलं. "आत्याबाई, शेळी परत आनते! करडासकट आनते!"

"ओ माय!" मडम गडबडून म्हणाली. "ओ माय! ओ माय!"

मग काय! सगळं गाव जमिनीवर पालथं झालं. केरबानं नारळ मडमच्या पायाशी ठेवला. मडमनं ओल्या डोळ्यांनी गुरुजींना विचारलं, ही बाई काय म्हणतेय? गुरुजींनी आयुष्यभर चुकीचं भाषांतर खपवून घेतलं नव्हतं. आज मात्र त्यांनी सांगितलं की ती तुम्हाला आई म्हणतेय.

मडमनं बाळाबाईला उठवलं, छातीशी धरलं आणि तिच्या कपाळाचं चुंबन घेतलं.

बाळाबाई दगडासारखी उभी राहिली. आक्काताईनं जन्मात तिच्या डोक्यावरून हातसुद्धा फिरवला नव्हता. "मेल्यावर मानूस किती सुदारतं बाई!" ती पुटपुटली.

मडमनं चुलीपुढं बसून भाकरी आणि ठेचा खाल्ला. ठेच्यानं तिच्या डोळ्यांतून नव्यानं धारा लागल्या. निघताना तिनं नाथाजीच्या पाठीवर एकदा हात ठेवला आणि थोडा वेळ तसाच राहू दिला. जीप दिसेनाशी होईपर्यंत बाळाबाई हात हलवत होती. "आत्याबाई इमानात बसनार!" ती सगळ्यांना सांगत होती. तिच्या आवाजात कौतुक होतं, आणि थोडी सुटकाही.

अंगण रिकामं झालं. गुरुजी आणि नाथाजी ओट्यावर टेकले.

"नाथाजी," गुरुजी घसा साफ करून म्हणाले, "सांगू नये, पण तू चुकलास. हिज मदर म्हणायचं होतं. ही वॉज नॉट कोल्ड म्हणायचं होतं. आय म्हणून तू स्वतःलाच कॅप्टन करून टाकलंस."

नाथाजी कपाळावरचा भंडारा पंच्यानं पुसत होता.

"गुरुजी," मग तो म्हणाला, "त्या ओढ्यात त्यो कोन आन् मी कोन, त्ये मलाबी कळत न्हवतं."

गुरुजींनी चष्मा काढून उपरण्यानं पुसला. बराच वेळ पुसला. मग त्यांच्यातला मास्तर जागा झाला.

"असू दे. मी, मला, माझं झालं. आता उद्यापासून अनेकवचन. आम्ही म्हणजे वुई. म्हण बरं मोठ्यानं. वुई!"

"उई!" नाथाजी खणखणीत आवाजात म्हणाला.

"काय चावलं?" आतून बाळाबाई ओरडली आणि हातात खेटर घेऊन उंबऱ्यातून झेपावली. "कुटं हाय इच्चू? सरका गुरुजी, सरका!"

गुरुजी सरकले. ते सरकले ते थेट आपल्या घरापर्यंत. बेलकडीत अनेकवचन काही शिकवून झालं नाही.