आंधळगावचं मुक्त प्रसरण

वायू आपणहून शिस्त पाळत नाही, म्हणून त्याच्या प्रसरणाचे प्रकार ठरवून द्यावे लागतात. आंधळगावकडच्या आमच्या कनिष्ठ महाविद्यालयाने ही गंभीर बाब वेळीच ओळखली. प्रयोगशाळेतलं सिलिंडर आणि दट्ट्या वापरल्याने झिजतात, म्हणून ते कपाटात कुलूपबंद असतात (किल्ली झिजू नये म्हणून तीही आतच). तेव्हा टेकचंद सरांनी अकरावीचा वर्गच वायू म्हणून वापरात आणला.

तपासणी समिती आली तो दिवस मोठा होता. पोरांना विषय समजत नाही असं ठरलं, तर विज्ञान शाखा बंद. आणि दामिनीच्या विणकर वडिलांनी सांगून ठेवलं होतं, शिक्षण गावात आहे तोवरच, शिकायला बसने भंडाऱ्याला पाठवणार नाही. पोरगी पहिल्या बाकावर जीव मुठीत धरून बसली होती.

समतापी प्रसरण उत्तम झालं. वर्गाने मागचा बाक (हाच दट्ट्या) इतक्या सावकाश ढकलला की समितीचा चहा येऊन संपला. तापमान कायम ठेवायला बाहेरून उष्णता पुरवावी लागते. ती सर खेकसून पुरवत होते.

रुद्धोष्म प्रसरणासाठी दारंखिडक्या लावल्या (उष्णतेस ये-जा करण्यास सक्त मनाई) आणि बाक झटक्यात ढकलला. या प्रकारात वायू थंड होतो. समिती घामाने निथळत होती, पण पुस्तकाचा मान राखून सर्वांनी थंड वाटल्याची सही केली.

राहिलं मुक्त प्रसरण. यात बाहेर दाबच नसतो, त्यामुळे वायू काहीही कार्य न करता पसरतो. सरांनी दार सताड उघडलं. रोवणीचे, म्हणजे भातलावणीचे दिवस होते. वायू निघाला तो थेट धानाच्या बांध्यांपर्यंत पसरला. ही क्रिया आपोआप उलटत नाही, त्यामुळे वर्ग परतला नाही (प्रसरण अठ्ठ्याण्णव टक्के, उपस्थिती दोन टक्के). दामिनी तेवढी उरली.

अध्यक्षांनी तिला विचारलं, काय समजलं?

"आमी सारे पसरलो जी, पण काम कोनंच नाही केलं."

अध्यक्ष भारावले. अहवालात नोंद झाली : विषय संपूर्ण समजला आहे, सबब शिकवण्यासारखं काही उरलेलं नाही, शाखा बंद करण्यात यावी.

"मंग मी शिकाले कोठी जाऊ जी?" दामिनीने विचारलं, तोवर समितीची गाडी सुरू झाली होती. हल्ली ती वडिलांच्या मागाशेजारी सुताच्या कांड्या भरते. मला फार वाईट वाटतं.

तुम्हालाही वाटलं असेल. मधे दोनदा हसलात, आत्ता जरा हळहळलात, खुर्चीत ऐसपैस पसरलात. बाहेरून दाब कुणाचाच नव्हता. प्रात्यक्षिकाचे पूर्ण गुण तुम्हाला.