चैतूआबाजी आणि तोंडातलं पाणी

सकाळी आमच्या गल्लीतून गाल फुगवून कोणी जाताना दिसलं, तर समजावं, चैतूआबाजी औषध आणायला जंगलात निघाले. गालांत पाणी असतं. दवाईला जाताना आपण बोललो किंवा कोणी "कुठी चालले?" असं विचारलं, की त्या दिवसाची दवाई लागू पडत नाही, अशी आमच्याकडची रीत. चुकूनही तोंड उघडू नये म्हणून आबाजी घरूनच घोट भरून निघतात.

अडचण एवढीच, की आमच्या गावात "कुठी चालले?" हाच नमस्कार आहे. किराणा दुकानवाले रमेशभाऊ तर मुद्दाम विचारतात. मग आबाजी तिथेच पिचकारी मारतात. "झालं. आता त्या लेकराची हागवण तूच थांबव," म्हणतात आणि घरी परततात.

ते आमचे शेजारी. मी चामोर्शीला बी.एस्सी. करते, आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मीच पहिली. सरांनी रानातल्या औषधी वनस्पतींवर प्रोजेक्ट दिला, तेव्हा मी वही घेऊन भीतभीतच आबाजींकडे गेले. कशाकशावर दवाई देतात ते त्यांनी सगळं सांगितलं. झाडाचं नाव मात्र एकही नाही.

"नाव सांगतलं का गुण ऐकणाऱ्याच्या हातात जाते," ते म्हणाले. "मंग मी काय माशा मारू?"

मी वही मिटली. पुन्हा विचारायचं धाडस झालं नाही.

आठवड्याने तेच सकाळी आमच्या दारात उभे. "चाल. पाणी भर तोंडात."

दुकानापाशी रमेशभाऊंनी विचारलंच, "आज दोघं बी मुके झाले का बापा? कुठी चालले?" मला हसू आलं आणि पाणी नाकातून बाहेर. परत घरी. दुसऱ्या दिवशी आम्ही नाल्याकडून गेलो.

रानात एका झुडपापाशी आबाजींनी पाणी थुंकलं, मुळाशी तांदळाचे दाणे ठेवले आणि झुडपाला म्हणाले, "हे आमच्या शेजारची पोट्टी. हिले ओळखून ठेव. भित्री हाय, पण मन लावून करते." मग मला हळूच, "मुरूडशेंग. लेकराच्या पोटात मुरडा आला का उगाळून द्याची." संध्याकाळपर्यंत माझ्या वहीत बावीस नावं झाली.

लगेच दुसऱ्या दिवशी कमलाबाई रडतं बाळ घेऊन त्यांच्या दारी आली. बाळाच्या पोटात मुरडा. आबाजींनी माझ्या दाराकडे बोट केलं. "तिच्याकडं जा. माह्या हातात गुण नाई आता."

मी धावत गेले. "आबाजी, मले तं फक्त प्रोजेक्टसाठी पायजे होतं."

"माहीत हाय मले," ते म्हणाले. "आजवर सारे दवाई मागाले आले. नाव इचाराले कोणी आलं नाई. माहा पोरगा बल्लारपूरले हाय, त्यानं बी नाई इचारलं."

मी सहाण धुतली. आराम पडला नाही तर दवाखान्यात न्यायचं, असं कमलाबाईला सांगितलं आणि आदल्या दिवशी रानातून आणलेली शेंग उगाळू लागले. आबाजी हात मागे बांधून आमच्या ओसरीत उभे होते. मी पाणी जास्त घातलं, तेव्हा फक्त खोकले.