पहिल्या नंबरचं बटण

गाडी विकणं ही काही अवघड गोष्ट नाही, असं माझं ठाम मत होतं. लोक उगीच बाऊ करतात! मी कोलंबस शहरातल्या ग्रंथालयात काम करते. बावीस वर्षं लोकांना हवं ते पुस्तक मिनिटभरात काढून दिलंय. मग एका चौदा वर्षं जुन्या रुपेरी सेडानला गिऱ्हाईक काढून देणं म्हणजे काय मोठंसं? गुरुवारी जाहिरात, शनिवारी सकाळी अकराला गिऱ्हाईक, बारा वाजता जेवण. आईला मी हा कार्यक्रम कागदावर लिहूनसुद्धा दिला होता.

कागदाच्या मागच्या बाजूला तक्ता होता. मध्यम आकाराच्या, कुटुंबाला सोयीच्या आठ सेडान, तेवीस रकाने. डिकी केवढी, मागच्या सीटवर गुडघ्यांना जागा किती, एका गॅलनला किती मैल, दार लावताना आवाज कसा येतो. आपली गाडी या सगळ्यांत कुठे बसते, हे नको कळायला?

आईने चष्मा लावून तक्ता वाचला, चष्मा काढला आणि म्हणाली, "नेडीन, गाडी विकायचीये की तिचं लग्न जमवायचंय?"

बाबा मार्चमध्ये गेले. डेलमार श्रोअर. गावापासून चाळीस मैलांवरच्या कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं गाड्यांना दारं बसवली आणि शेवटी त्याच कारखान्याची गाडी घेतली. हिच्या चार दारांपैकी निदान एक तरी मी बसवलेलं आहे, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. ही गाडी बनली त्याच्या दोन वर्षं आधीच ते निवृत्त झाले होते. पण हे कुणी बोलून दाखवत नसे. ओहायोत आमच्या भागात असलं काही बोलून दाखवायची पद्धत नाही.

अपवाद एकच, शेजारचे वेंडेल काटर. त्यांचीही सेडानच. तेच वर्ष, तोच रुपेरी रंग, तेवढीच लांबी. फक्त कंपनी दुसरी आणि कारखाना केंटकीत. त्यामुळे आमची ती 'ओहायोवाली' आणि त्यांची ती 'केंटकीवाली'. चौदा वर्षं या दोन म्हाताऱ्यांनी कुंपणाच्या दोन बाजूंना उभं राहून एकमेकांच्या गाडीला नावं ठेवली. दरवर्षी चर्चच्या सहलीला कुणाच्या डिकीत जास्त घडीच्या खुर्च्या मावतात याची स्पर्धा! मागच्या वर्षी दोघांच्याही अकरा मावल्या. मग वेंडेलनी अकरा खुर्च्यांवर बटाट्याच्या सॅलडचं पातेलं ठेवून डिकी लावून दाखवली. बाबा दोन दिवस जेवताना गप्प होते.

आता त्या बटणांबद्दल सांगायला हवं. ओहायोवालीच्या ड्रायव्हरच्या दारावर आतून तीन बटणं आहेत. 'एक' आणि 'दोन' दाबलं की सीट आपोआप ठरलेल्या जागी सरकते. वरचं तिसरं 'सेट'चं. ते दाबून मग आकडा दाबला, की जुनी जागा पुसली जाते आणि सीट तेव्हा जिथे असेल ती नवी जागा गाडी लक्षात ठेवते. केंटकीवालीला हे नाही. म्हणून बाबांच्या बोलण्यात दिवसातून एकदा तरी ही बटणं यायचीच.

अंत्यविधीच्या दुसऱ्या दिवशी मी गाडीत बसले आणि सहज 'एक' दाबलं. सीट दंतवैद्याच्या खुर्चीसारखी मागे, मागे, पार मागे गेली. माझे पाय पेडलपासून वीतभर दूर! लहानपणी मागच्या सीटवरून दिसायची ती बाबांची भली रुंद पाठ मला आठवली. घरातलं पहिलं बटण कुणाचं असणार? त्यांचंच.

त्यानंतर सहा आठवडे मी रजा घेऊन आईकडेच होते; रोज सकाळी कॉफीचा कप घेऊन गॅरेजमध्ये जात होते आणि 'एक' दाबून बसत होते. बाकी काही करत नव्हते. कॉफी प्यायची, परत यायचं. दुकानात वगैरे जायचं असलं की 'दोन' दाबायचं. ते कुणाचं ते ठाऊक नव्हतं, कुणा मेकॅनिकने लावून ठेवलं असावं असं वाटायचं. जरा आखडून बसावं लागे, पण पाय पोचत.

आणि अशी गाडी मी विकायला काढली होती. का? तर आई म्हणाली होती म्हणून. आईला नाही म्हणणं मला जड गेलं. तेव्हा मी मनाशी ठरवलं, विकू; पण चावी हातातून जाईपर्यंत 'एक'ला कुणी हात लावायचा नाही. शोकाच्या घरी लोक जेवणाची भांडी आणून देतात तेव्हा त्यांच्या तळाला कागदी चिकटपट्टीवर नाव लिहिलेलं असतं. स्वयंपाकघरातून तीच चिकटपट्टी आणली, 'एक' आणि 'सेट' दोन्हींवर चिकटवली आणि वर लिहिलं: डेलमार.

शनिवारी पावणेअकराला मी गाडी पुसून दारात उभी केली, शेवटची कॉफी 'एक'वर बसून प्याले आणि उतरले. तेवढ्यात कुंपणाच्या दारातून वेंडेल आले. वेंडेल उंचीला बेताचे आणि घेराला मात्र भरपूर. चालताना आधी पोट येतं, मग थोड्या वेळाने वेंडेल येतात.

"मी फक्त टायर बघायला आलोय हं," ते म्हणाले. "गिऱ्हाईक फसायला नको."

"बघा की."

टायर बघितले. मग काचा बघितल्या. मग छतावरून एकदा हात फिरवला. "बसून बघू का जरा? बसायचंच असं नाही. तुझी अडचण होत असेल तर राहू दे."

"बसा ना! फक्त त्या चिकटपट्टीला हात लावू नका."

"छे छे! मी कशाला लावू?" म्हणत ते आत बसले. सीट पार मागे होती, ते ऐसपैस मावले. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बराच वेळ समोर बघत राहिले. मग म्हणाले, "आणि पोरी, हे दोन नंबरचं काय करतं?"

मी 'एक'ला हात लावू नका म्हटलं होतं. 'दोन'बद्दल मी अवाक्षर काढलं नव्हतं!

सीट निघाली. सावकाश, सभ्यपणे, कुणाचंही न ऐकता. "अरे! अरे, ही कुठे चालली?" वेंडेल म्हणाले. पोट स्टिअरिंगला टेकलं. सीट थांबेना. पोट स्टिअरिंगच्या वर चढलं, खाली उतरलं, दोन्ही बाजूंनी बाहेर आलं. आणि मग हॉर्न वाजला. वाजला म्हणजे वाजतच राहिला! शाळेच्या बँडमधला ट्यूबावाला श्वास घ्यायला विसरला तर कसं होईल, तसा.

"श्वास आत घ्या!" मी ओरडले.

"घेतलाय! हा आत घेतलेलाच आहे!"

सीट मागेपुढे करायची कळ सीटच्या बगलेला असते. तिथे आता वेंडेलची मांडी होती. मी दोन बोटं घालून पाहिली. कणकेच्या गोळ्यात अंगठी शोधावी तसा प्रकार. तेवढ्यात समोरच्या घरातला एकजण पाण्याची नळी घेऊन धावत आला. त्याला वाटलं आग लागली. दोघी बायका बागेतून हातमोज्यांसकट आल्या. आणि बरोबर अकराच्या ठोक्याला गिऱ्हाईक! लेलँड बोर्गेल्ट, शाळेत गणिताचे शिक्षक. ते गाडीपासून पाच पावलांवर खिशात हात घालून अदबीने उभे राहिले.

"घाई नाही हं!" त्यांनी हॉर्नच्या वरताण ओरडून सांगितलं. "मीच जरा वेळेवर आलो!"

"हॉर्न बघून घ्या!" वेंडेल आतून ओरडले. "केंटकीवालीचा याहून गोड आहे!"

चेहरा लालबुंद झाला होता त्यांचा, तरी हे! एकच उपाय होता. 'एक' दाबायचं, सीट मागे जाईल. मी चिकटपट्टी ओरबाडून काढली आणि घाईघाईत बोट दाबलं. ते पडलं 'सेट'वर. लक्षात येईपर्यंत दुसऱ्या बोटाने 'एक' दाबूनही झालं होतं. गाडीने 'पीप' केलं असणार. हॉर्नमध्ये ऐकू कुठलं येतंय!

सीट हलली नाही. पुन्हा दाबलं. हलली नाही. हलणार कशी? 'एक'ची जागा आता हीच होती, वेंडेलला चेपणारी. सहा आठवडे जे कुणाला शिवू दिलं नव्हतं, ते मी स्वतःच्या दोन बोटांनी पुसून टाकलं होतं.

मी तिथेच उभी राहिले. नळीवाला मला काहीतरी विचारत होता. मला ऐकू येत नव्हतं आणि त्याचं कारण हॉर्न नव्हतं.

मग आई आली. ॲप्रनला पीठ, हातात लांब दांड्याचं लाकडी उलथणं. "बाजूला हो," ती मला म्हणाली. "वेंडेल, मांडी सैल सोड." तिने उलथणं उलटं धरलं, दांडा मांडीच्या आणि सीटच्या मधून बरोब्बर सरकवला आणि कळ दाबली. सीट मागे निघाली. हॉर्न थांबला. इतकं शांत झालं की दोन गल्ल्या पलीकडे कुणीतरी गवत कापत होतं ते ऐकू आलं.

"दर थँक्सगिव्हिंगला हेच," आई दांडा पुसत म्हणाली. "टर्की खाऊन डेलमार बसायचा आणि अडकायचा. उलथणं मी काय स्वयंपाकासाठी ठेवलंय असं वाटलं तुम्हाला?"

"बाबा?" मी म्हटलं. "पण त्यांची सीट तर पार मागे... 'एक'वर..."

"मागे? अगं, गेली सहा वर्षं तो नाकाने स्टिअरिंग फिरवत होता! नजर अधू, आणि चष्मा लावायचा नाही. 'दोन' दाबायचा आणि काचेला चिकटून बसायचा."

"मी कधी पाहिलं नाही."

"तू कुठून पाहणार? तू पुढे असायचीस. कोलंबसला जायला निघालीस की हा मागोमाग गाडी काढायचा. हमरस्त्याला नीट लागलीस का बघायचा आणि परत यायचा. तेही पोट फुटेस्तोवर जेवल्यावर! म्हणून तर अडकायचा."

बोर्गेल्टसरांनी खिशातून हात काढून पुन्हा घातले.

"पण बाबा केवढे उंच होते," मी शेवटी म्हटलं.

"पाच फूट सात," वेंडेल गाडीतून म्हणाले.

"बूट धरून," आई म्हणाली.

"मग 'एक'वर कोण होतं?"

मग वेंडेलनी घसा खाकरला. "पोरी, अंत्यविधीच्या आदल्या दिवशी मी गाडी झाडून काढली. आतून. डेलमारच्या गाडीत पावाचे तुकडे किती, तुला कल्पना नाही. व्हॅक्यूमची नळी खाली जाईना म्हणून सीट पार मागे लोटली. आणि ती बटणं... चौदा वर्षं त्याने माझं डोकं खाल्लं त्यांच्यावरून. म्हटलं, एकदा दाबून तर बघू. वरून खाली सगळी दाबली, 'सेट', मग 'एक', मग 'दोन'."

म्हणजे सहा आठवडे रोज सकाळी मी डोळे पुसत बसत होते, ते गालिचा झाडायच्या जागेवर!

"'एक' त्याने कधी वापरलंच नाही," आई म्हणाली. "ते त्याने माझ्यासाठी राखून ठेवलं होतं. मी गाडी शिकेन तेव्हासाठी. शिकले मी? नाही शिकले." मग ती उलथण्याकडे बघून म्हणाली, "आणि तू विकतेयस म्हटल्यावर मी काय बोलणार?"

"मी? तू म्हणालीस विकायची!"

"मी म्हणाले, गाडी नुसती उभी आहे. एवढंच म्हणाले. तक्ता तू केलास!"

आई आत गेली आणि रुबार्ब-पायचा, म्हणजे आंबट देठांचं गोड सारण भरून भाजलेल्या पेस्ट्रीचा, मोठा तुकडा चंदेरी कागदात गुंडाळून घेऊन आली. तो तिने बोर्गेल्टसरांच्या हातात ठेवला. आमच्याकडे 'नाही' असं तोंडावर म्हणत नाहीत, पायचा तुकडा देतात. सरांनी पुडक्याचं वजन अजमावलं आणि म्हणाले, "हॉर्न मात्र चांगला आहे." आणि गेले.

गाडी अजून आमच्याचकडे आहे. 'एक'वर नवी जागा 'सेट' करून आता आई बसते. दर मंगळवारी चर्चच्या मोकळ्या आवारात वेंडेल तिला शिकवतात आणि ब्रेक लागला नाही की तो ओहायोचा दोष असतो. मी घरी आले की 'दोन'वर बसते. गुडघा चावीला घासतो, नाक काचेला लागायचं तेवढं बाकी असतं, पण सीट सूतभरही सरकवलेली नाही.

खरं सांगायचं तर माझ्या तक्त्यात गुडघ्यांच्या जागेच्या रकान्यात केंटकीवाली एका इंचाने पुढे आहे. मी तो रकाना कात्रीने कापून टाकलाय. आमच्या गावाकडचं कुणी हे वाचत असेल तर हात जोडून विनंती: वेंडेलना यातलं काहीही दाखवा, एवढा इंच तेवढा दाखवू नका!