अर्ध्या पट्टीचे ठेकेदार

आकाराम बागलला या प्रकरणात फायदा होणार होता नऊशे चाळीस रुपयांचा. वर्षाची घरपट्टी अठराशे ऐंशी, तिच्या निम्मे. तेवढ्यात काही घरावर मजला चढत नाही की उसाला जादा भाव मिळत नाही. पण शेजारच्या आप्पासोला मिळते ती सवलत आपल्याला मिळत नाही, या विचारानं आठ दिवस त्याला जेवण गोड लागत नव्हतं. हे दुखणं नऊशे चाळीसात बरं होणार असेल, तर ते स्वस्तच म्हणायचं.

आप्पासो सरकारी ठेकेदार. गटारं, पाणंद रस्ते, शाळेची भिंत, सगळं त्याचंच. गावातले ठेकेदार कमी दरात कामं घेतील या आशेनं ग्रामसभेनं ठराव केला होता, की जो पंचायतीचं काम करील त्याची त्या वर्षीची घरपट्टी निम्मी. तेव्हा आकारामनंही हात वर केला होता. आप्पासोची पावती बघेपर्यंत त्याला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं.

"दोन मजली घर, दारात गाडी, आन पट्टी किती? एकवीसशे!" तो बायकोला, रंगूबाईला सांगत होता. "आपल्या तीन खोल्या, त्याला अठराशे ऐंशी. म्हंजे त्याचा आख्खा वरचा मजला पडला दोनशे वीस रुपयाला!"

"मग तुमी बी बांधा की वरचा मजला," रंगूबाई भाकरी थापत म्हणाली.

"मजला न्हाई. मी ठेकाच घेतो."

दुसऱ्या दिवशी तो पंचायतीत हजर. ग्रामसेवक विश्वजित, म्हणजे गावाचे भाऊसाहेब, पाणीपट्टीच्या पावत्या लावत बसले होते.

"भाऊसाहेब, ठरावात काम केवढ्याचं पायजे ते लिवलंय का?"

भाऊसाहेबांनी ठराव दोनदा वाचला. "नाही लिहिलेलं."

"मग द्या मला कायतरी."

"आण्णा, तुम्हाला कुठलं काम जमतं?"

"आप्पासोला जमतंय ते समदं."

शेवटी पाण्याच्या टाकीच्या झाकणाला नवं कुलूप बसवण्याचं काम निघालं. दुसरं कुणी मध्ये येऊ नये म्हणून आकारामनं दर भरला अडीचशे रुपये. कुलूपच तीनशे दहाला आलं. ठेकेदार म्हणून नाव लावायला पॅन कार्ड, प्रतिज्ञापत्र, साताऱ्याच्या दोन खेपा आणि 'आकाराम बागल, शासकीय ठेकेदार' असा रबरी शिक्का, मिळून साडेअकराशे गेले. पण कामाचा आदेश त्यानं लॅमिनेट करून सोप्यात अशा जागी टांगला, की आप्पासोनं आपलं दार उघडलं की तोच दिसावा.

आप्पासोनं दारातूनच विचारलं, "लय मोठं काम धरलंस गड्या. येकटाच करनार का मानसं लावनार?"

आकारामनं टांगलेला आदेश जरा सरळ केला. पट्टी निम्मी झालेला माणूस असल्या बोलण्याकडं लक्ष देत नाही.

कोंडीबानं मात्र लक्ष दिलं. कोंडीबा आकारामच्या पलीकडच्या घरचा. तो संध्याकाळीच भाऊसाहेबांकडं गेला. "कुलूप लावलं ते झ्याक झालं. पर त्याला तेल कोन घालनार?" वर्षातून दोनदा तेल घालायचा ठेका त्याला मिळाला. मग कुणी चावडीचा बल्ब बदलला, कुणी त्याची शिडी धरली आणि एकानं बल्ब लागल्याचा लेखी दाखला दिला. नाही म्हणावं तर भाऊसाहेबांसमोर ठराव उघडा आणि माणूस विचारतोय, "आकारामला दिलं, मग मला का न्हाई?" दसऱ्यापर्यंत चारशे बारा घरांच्या गावात चारशे अकरा ठेकेदार झाले.

राहिली एकटी धोंडुबाई. माणदेशातून मेंढरं घेऊन आलेली आणि इथंच घर बांधून राहिलेली. तिला भाऊसाहेबांनी आपण होऊन विचारलं, तर ती म्हणाली, "मी मेंढरं राखती, ह्येच लय झालं. नळाचं पानी पिती, दिवा लावती. घ्या तुमचं चारशे वीस."

दिवाळी झाली आणि गावाचं पाणी बंद झालं. वर्षाला सात लाख पट्टी गोळा व्हायची तिथं साडेतीन आली होती. पाण्याच्या मोटरचं वीजबिल थकलं, कनेक्शन तुटलं. टाकीला नवं कुलूप होतं, कुलपाला वेळेवर तेल होतं, आत थेंब नव्हता. रंगूबाई घागर घेऊन आप्पासोच्या बोअरवर जायला लागली. "नऊशे चाळीस वाचवलं न्हवं?" येता येता ती नवऱ्याला म्हणाली. "आता त्यात पानी भरा."

आप्पासोच्या दारातलं पाणी आकारामला घोटभरही जाईना. सहाशे मोजून त्यानं टँकर मागवला आणि ते पैसे भरून काढायला कुलपाचं बिल मागायला गेला.

"अडीचशेतनं कर, उपकर, अनामत कापून दोनशे एकवीस होतात," भाऊसाहेब म्हणाले.

"मग द्या की."

"खात्यात पैसे नाहीत."

"का न्हाईत?"

"पट्टी निम्मीच आली."

"लोकं पुरी का भरत न्हाईत? गावाला काय लाजबिज हाय का न्हाई?"

"आण्णा, लोक ठेकेदार आहेत."

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर भाऊसाहेबांनी धोंडुबाईला पुढं बोलावलं. गावात पूर्ण पट्टी भरणारी एकमेव करदाती म्हणून शाल, नारळ आणि टाळ्या. फोटो दहा मिनिटांत गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला. खाली दोनशे जणांनी हात जोडले होते. आकाराम तो फोटो मोठा करून करून बघत होता. शाल काठाची होती.

"तिची पट्टी चारशे वीस, माजी अठराशे ऐंशी!" त्यानं पंचायत गाठली. "मग शाल तिला कशी?"

"तुम्ही भरले नऊशे चाळीस. सवलत सोडली म्हणून लिहून द्या, राहिलेले भरा. शाल तुम्हालाही."

"आन फोटो?"

"फोटोसकट."

आकारामनं तिथंच पैसे मोजले. त्याचा फोटो ग्रुपवर पडला आणि तासाभरात कोंडीबा पैसे घेऊन आला. त्याच्यामागं बल्बवाला, मग शिडीवाला, मग दाखलेवाला. आपल्याला शाल मिळत नाही हे दुखणं अर्ध्या पट्टीपेक्षा जोरात पसरलं. मार्चअखेर मोटर सुरू झाली, टाकी भरली. आकाराम शाल पांघरून, भर उन्हात, आपले दोनशे एकवीस आणायला पंचायतीत गेला.

"जरा थांबा आण्णा," भाऊसाहेब म्हणाले. "आधी मोठं बिल निघू दे."

टेबलावर बिल होतं. नग चारशे अकरा, दर साडेतीनशे, एकूण एक लाख त्रेचाळीस हजार आठशे पन्नास. माल शाली, पुरवठादार आप्पासो.

"म्हंजे त्यानं सवलत सोडली न्हाई?"

"ते कसे सोडतील? पंचायतीचं काम करणारे आता तेवढेच राहिले."

तर त्या वर्षी गावात घरपट्टी भरली ती अशी: चारशे अकरा घरांनी पूर्ण, आप्पासोनं निम्मी. आणि चारशे अकरा शालींचे पैसे गेले त्या चारशे अकरा घरांच्या पट्टीतून.