उकंडरावांची नोंद

आमच्या घाटंजीत कोणालाही विचारा, उकंडराव पहिल्या भेटीत काय बोलले म्हणून. नाव नाही, गाव नाही. थेट "आज्याच्या बापाचं नाव सांगा." माझ्या ऑनलाइन सेंटरचं उद्घाटन होतं त्या दिवशी मी हातात नारळ घेऊन उभा होतो, आणि पांढऱ्या टोपीतला हा माणूस पाहुण्यांमधून वाट काढत आला आणि त्याने हेच विचारलं. मला आज्याचं नाव ठाऊक होतं, त्याच्या बापाचं नव्हतं. तसं सांगितल्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी उघड्या अंगाने दुकानात उभा आहे की काय, असं मलाच वाटलं.

चौथ्या दिवशी ते माझ्या पणज्याचं नाव घेऊन आले. महादा. सोबत कोतवाल बुकाची नक्कल. पूर्वी गावचा कोतवाल कोण जन्मलं, कोण मेलं ते ज्या वहीत लिहायचा, ते हे बुक. माझा पणजा तापाने गेला, हे मला माझ्याच दुकानात, गिऱ्हाइकांसमोर कळलं. उकंडराव म्हणाले, "आता बसा सुखानं." मी बसलो. काय करणार.

ते शाळेतून निवृत्त झालेले बाबू. उभा जन्म शाळेत आल्यागेल्या पोरांच्या दाखल-खारीज रजिस्टरवर काढलेला, त्यामुळे सारा गाव त्यांना बाबूजीच म्हणतो. मोडी लिपी ते साठी उलटल्यावर मोबाईलवरचे व्हिडिओ पाहून शिकले. जातपडताळणीसाठी जुनी नोंद न सापडलेली पोरं त्यांच्या दारी यायची आणि बाबूजी एका चहावर त्यांचे खापरपणजे उकरून काढायचे.

रोज अकराच्या ठोक्याला ते माझ्या दुकानात. माउसला कधी हात लावला नाही. "खाली घ्या. अजून खाली. थांबा, मांगं घ्या." भूमी अभिलेखाची वेबसाइट, जुन्या मतदार याद्या, कोणी कोणी चढवून ठेवलेली कागदपत्रं. मागे रांगेत माणसं सातबाऱ्यासाठी ताटकळत आणि मी कोण्या देवरावाचा कोण्या गणपताशी संबंध लावत बसलेलो. कोणी म्हणालं, यंदा तुरीला भाव मिळणार, की हे मान न वळवता विचारत, "नोंद हाये का?" कोणी म्हणालं, पोरगी सासरी सुखात आहे, तरी तेच. "नोंद हाये का?"

या खोडीपायी लग्नाची आमंत्रणं बंद झाली. एका साक्षगंधात, म्हणजे साखरपुड्यात, पानसुपारी फिरत असताना ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, "पोराचा पणजा अन् पोरीचा पणजा एकाच बापाचे हायेत. कागद हाये माह्यापाशी." कागद खरा होता. सोयरीक मोडली. नवरीच्या मामाने त्यांना न जेवताच बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी मी जरा रागावलोच, तर म्हणाले, "मी काय खोटं बोललो?" खोटं नव्हते बोलले, हीच तर अडचण होती.

एकदा त्यांच्या घरी गेलो. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. कपबशी एक, ताट एक. आणि चारही भिंतींवर लेजरचे कागद चिकटवून काढलेली वंशावळ, अकरा पिढ्यांची, एकशे चौऱ्याऐंशी नावांची. प्रत्येक नावाखाली लाल शाईने नोंदीचा आधार. एकशे त्र्याऐंशी माणसं मेलेली. सगळ्यांत खाली कोपऱ्यात बाबूजी स्वतः, आणि त्यांच्या नावाखाली आधाराची जागा कोरी.

म्हणजे जगाची नोंद काढणाऱ्या या माणसाला स्वतःची सापडत नव्हती.

शेवटी सापडली, पण भलत्याच घरात. त्याआधी त्यांच्या नावाची गोष्ट सांगायला हवी. बाबूजींच्या आधीची चार भावंडं पाळण्यातच गेली. मग पाचवं लेकरू झालं तेव्हा आमच्याकडे करतात तसं केलं. मरणाला फसवायला बाळ उकिरड्यावर ठेवलं, पलीकडच्या बंजारा तांड्यावरच्या सक्रीबाई चव्हाणने ते उचललं, आणि आईबापाने तिला सूपभर ज्वारी देऊन ते विकत घेतलं. पोर दुसऱ्याचं, नाव उकंडा, म्हणजे उकिरडाच, मरणाने यावं कशाला? असे उकंडा आणि कचरू आमच्याकडे गावोगाव आहेत.

पण बाबूजींचे वडील काम अर्धवट सोडणारे नव्हते. मरणाला वाचता येत असलं तर? त्यांनी कोतवालालाही तसंच लिहायला लावलं. बुकात चक्क सक्रीबाईच्या नवऱ्याचं नाव होतं: "रामसिंग चव्हाण, तांडा. मुलगा."

मला हसू आवरेना. बाबूजी हसले नाहीत. चार दिवस दुकानात आले नाहीत आणि आले ते तोंडातला सुपारी-तंबाखूचा खर्रा थुंकून म्हणाले, "प्रमोदभाऊ, मी चव्हाणाचाच असन तर? उकिरड्याची कहानी मांगून जोडली असन तर?"

"अहो बाबूजी, तुमचं नाक पहा, वडिलांचा फोटो पहा."

"नाकाची नोंद नसते."

पुढच्या रविवारी ते बस धरून तांड्यावर गेले. सक्रीबाई कधीच वारली होती. तिची मुलगी सोनीबाई होती, सत्तरीची, विधवा, पोरं पुण्याकडे कामाला. बाबूजींनी दारात उभं राहून सवयीने तिच्या आज्याच्या बापाचं नाव विचारलं. तिने ते सांगितलं. वर त्याच्याही बापाचं सांगितलं. मग म्हणाली, "तू उकंडा हाये ना? माही याडी, माय माही, मरेपर्यंत म्हने, तुहा एक भाऊ घाटंजीत हाये, ज्वारीवर गेला." आणि तिने त्यांना हाताला धरून आत नेलं.

त्यानंतर बाबूजींचा रविवार ठरून गेला. जाताना जिलबी, येताना तिने दिलेला अंबाडीचा पाला. भाऊबीजेला ते ओवाळून आले. कपाळाचा टिळा त्यांनी दोन दिवस पुसला नाही, तो घेऊन दुकानात बसले आणि कोणी विचारेल म्हणून वाट पाहत राहिले. मी विचारलं. "बहीन हाये माही," म्हणाले, आणि लगेच चपापले. "म्हंजे, नोंद हाये एक. पक्का पुरावा नाही."

नोंदीचं भूत ते. बहीण भिंतीवर लिहायची तर पुरावा हवा. दोघांच्या थुंकीवरून नातं सांगणारी तपासणी निघाली आहे हे त्यांना माझ्याच संगणकावर दिसलं आणि मी कपाळाला हात लावला. दोन डब्या मागवल्या. अर्धा तास आधी काही खायचं नाही, अशी अट. बाबूजी बिनखर्ऱ्याचे अर्धा तास कसे बसले ते तांड्याने पाहिलं आहे. दर दोन मिनिटांनी घड्याळ. सोनीबाई नळीत थुंकता थुंकता हसत सुटायची. "सत्तर वर्सानं भाऊ भेटला, तो थुक मांगून राह्यला."

दीड महिन्याने माझ्या मेलवर रिपोर्ट आला. बाबूजी शेजारीच होते. मी वाचून सांगितलं, दोन्ही नमुन्यांत जवळचं नातं आढळत नाही. म्हणजे ते त्यांच्या बापाचेच. अकरा पिढ्या, एकशे चौऱ्याऐंशी नावं, सगळी पक्की. मी अभिनंदन करायला हात पुढे केला.

त्यांनी तो धरला नाही. "पुन्हा वाचा," म्हणाले. मी पुन्हा वाचलं.

"प्रिंट काढू?"

"नोको."

"सोनीमावशींना कळवायचं?"

"रिपोर्ट आला नाही," बाबूजी म्हणाले. "कोनी विचारलं तर आला नाही म्हना. नळ्या अमेरिकेले गेल्या, तिकडं लय गर्दी हाये."

उभ्या आयुष्यात त्यांनी सांगितलेली ही पहिली खोटी गोष्ट असावी, इतकी ती वाईट जमली होती. मी होकार दिला. त्याला आता तीन दिवाळ्या झाल्या. अमेरिकेतली गर्दी काही हटत नाही, बाबूजींचा रविवार काही चुकत नाही.

गेल्या महिन्यात बाजाराच्या दिवशी सोनीबाई एकट्याच दुकानात आल्या. निराधार योजनेचा हयातीचा दाखला हवा होता. आयुष्यभर कापूस वेचून बोटांच्या रेषा झिजलेल्या, मशीन अंगठा घेईना. दुसरं बोट लावलं, तिसरं लावलं. त्या म्हणाल्या, "मी मीच हाओ, हे याले समजत नाही. भाऊचं काय समजन?"

मग बाहेर कोणी नाही हे पाहून त्यांनी आवाज खाली आणला. "बापू, तो थुकीचा कागद आला असन, तर भाऊले दाखवजो नोको."

"काहून, मावशी?"

"तो कागदाचा मानूस हाये. कागदानं नाही म्हटलं तर यायचा बंद होईन. माहे पोरं वर्सातून येकदा येतेत, कंदी तेही नाही. हा दर रइवारी येते. मी शनिवारीच आंगन सारवून ठेवतो."

मला त्या क्षणी फार वाईट वाटलं, आणि बाईला ही धास्ती लावली म्हणून बाबूजींचा रागही आला. दोघांचं गुपित माझ्या एकट्याच्या दुकानात येऊन पडलं होतं, आणि एकाला दुसऱ्याचं सांगायची सोय नव्हती.

"अजून आलाच नाही, मावशी," मी म्हणालो.

त्यांनी माझं तोंड एकदा नीट न्याहाळलं. मग त्यांनी पदराने चौथं बोट पुसलं आणि मशीनवर ठेवलं.